समरजितची बारावी पायरी

“माझी पायरी कितवी धरणार, ते आधी सांगा,” तन्मय म्हनला.

बुवा धुनीतली राख सारखी करत व्हते.

“बुवा… मी तुम्हाला विचारतोय.”

“तुजी का त्याची?”

“त्याची म्हणजे माझीच ना.”

बुवांनी राखंवर हळूच फुंकर मारली.

म्या म्हनलं, “पावनं, हितं आल्यावर मानूस आधी पानी पितो. मग पायऱ्या मोजतो.”

त्यानं माझ्याकडं आसं बघितलं, जनू मी धुनीवरनं उडून आलेलं चिलट हाय.

केशरभारती बुवांची मठी गावाबाहेर, वडाखाली. मागच्या अंगाला जुन्या गोसाव्यांच्या समाध्या. दुपारच्या पारी तिकडं कुत्रं बी फिरकत न्हाई. जातो ते आमी दोघंच. मी आनि गिरनीवाली हौसा. आनि जातो ते बी देवाला न्हवं, खेळायला.

खेळ सोंगांचा. येकदा शहरातली पोरं डोंगर चढायला आली, दमली आनि मठीच्या वट्यावर बसून ह्यो खेळ खेळली. परत्येकाचं येक सोंग. कुनी तलवारवाला, कुनी जादूवाला, कुनी चोर. येकजन सांगनार म्होरं काय आलं. तुमी सांगायचं सोंग काय करतंय. जमलं का फसलं ते वीस तोंडांचा फासा ठरवनार. सोंग शानं व्हत गेलं की पायरी चढनार. पुस्तकात समदं लिव्हलेलं.

बुवांनी दोन दिवस नुसतं बघितलं. मग पुस्तक पोरांना मागं दिलं आनि फासे ठेवून घेतले.

म्हनले, “हितं माज्या घरचे नियम.”

भाईर म्हनं राक्षस मारला की पायरी. मठीत तसं न्हाई. सोंगाचे पाय जितं लटपटले, तितंच त्याला पायरी. आनि कशानं लटपटले, ते खेळनाऱ्यानं सगळ्यांम्होरं तोंडानं सांगायचं.

म्या लई येळा खोटंच किंचाळून बघितलं. येकदा तर धोतर सोडून समाध्यांपत्तूर पळालो. बुवा म्हनले, “धोतर नेसून घे.” पायरी न्हाई दिली. माझा चोर, घुशा त्याचं नाव, आजून पयल्याच पायरीवर हाय. हौसाची जादूगारीन काजळी चवथ्या.

तर आसल्या मठीत ह्यो तन्मय कोल्हापुरास्नं मोटारसायकलवर आला. पाठीवर पिशवी, पिशवीत मखमली बटवा, बटव्यात स्वताचा फासा. आनि कापसात गुंडाळलेला बोटायेवढा पुतळा. तलवारवाला. अंगावर निळा झगा रंगवलेला, पट्ट्याची बारकी बक्कल सुदिक रंगवलेली. येक डोळा तेवढा रंगवायचा ऱ्हायलेला.

“समरजित,” तो म्हनला. “अकरावी पायरी. आणि अंगावर एक ओरखडा नाही.”

“अकरावी तर अकरावी,” बुवा म्हनले. “बस.”

तो चाटच पडला. भांडायच्या तयारीनं आलेला मानूस, आनि म्होरं भांडनच न्हाई.

“बरं,” म्या इचारलं, “ह्यानं आजवर मारलं काय काय?”

“लांडगे. दरोडेखोर. तळघरातले मोठे उंदीर.”

“उंदीर?”

“मोठे होते.”

“आवं, उंदीर मारून अकरा पायऱ्या, मग आमची मांजर आत्तापत्तूर सरगाला पोचली आसती की!”

हौसा खुदकन हासली. तन्मयचे कान लाल झाले.

“आजोबा, मी नेहमी हिशोब करून उतरतो. समोरच्याची ताकद बघायची, आपली बघायची. जिथं हरायची शक्यता आहे, तिथं जायचंच नाही. यात लाजण्यासारखं काय आहे?”

“लाज कुनी काडली? म्या मांजरीचं कौतुक केलं.”

हौसानं त्याच्या हातात ताकाचं भांडं दिलं. ती गिरनीत बसून बसून मानसं वळखती. तिनं त्याच्या बोटांकडं बघितलं. भांडं धरताना बी दुसऱ्या हातातला पुतळा त्यानं खाली ठेवला नव्हता.

“येवडी घाई कशाची रं बाळा, बारावीची?”

“तुमच्याकडं बारावी शेवटची ना?”

“व्हय.”

“आणि बारावी चढलेलं सोंग मरत नाही. खरं आहे हे?”

हौसानं बुवांकडं बघितलं. बुवा राखंतनं येक निखारा उलथत व्हते.

“खरं हाय,” बुवा म्हनले.

ते खरंच हाय. आमच्या खेळात नदी लागती, तिच्यावर येक नावाडी हाय. ते येका मास्तरांचं सोंग. मास्तर कवाच बदली होऊन गेले, पन नावाडी हायच. आमी काठावर आलो की आजून बी आधी तंबाखू मागतो आनि मग नाव सोडतो. तशीच येशीवरली म्हातारी. तिला खेळवनारी बाई आता ह्या जगात न्हाई, पन म्हातारी आजून घुशाच्या कंबरंत काठी घालती. बारावी चढलं ते सोंग बुवांच्या गोष्टीत ऱ्हातं. त्याला मरान न्हाई.

तन्मयनं ताक तसंच ठेवलं.

“हे सोंग माझं नाही,” तो म्हनला. “दादाचं आहे.”



“माझा मोठा भाऊ. आजारी होता. दवाखान्यातल्या कॉटवर पण आम्ही खेळायचो. नंतर नंतर त्याच्या मुठीत फासा राहायचा नाही, मग मी त्याच्यासाठी टाकायचो. शेवटी म्हणाला, तन्या, समर तुझ्याजवळ ठेव. मरू देऊ नको त्याला.”

त्यानं पुतळ्याच्या बिनरंगाच्या डोळ्यावरनं अंगठा फिरवला.

“तेव्हापासून फासा टाकायच्या आधी मी दहादा हिशोब करतो. दर वेळी. मित्र हसतात, म्हणतात उंदीर मारत बस. बसतो. एकदा हा बारावी चढला की मी सुटलो. मग भीती नाही.”

माझ्या जिभंवर येक चावट वाक्य आलेलं. गिळून टाकलं.

बुवा म्हनले, “चला. बसा गोल.”

आमी बसलो. भाईर ऊन नुसतं टळटळत व्हतं. वडाचं पान हालत नव्हतं. बुवांनी मधी गोनपाट हातरलं. काजळीची खूण म्हंजी कोळशाचा खडा. घुशाची खूण चिंचोका. त्यांच्या म्होरं तन्मयनं समरजित हुबा केला, आनि त्यो पडू नये म्हनून बूड दोनदा चेपून बघितलं.

बुवांचा आवाज खेळात बारीक व्हतो. लांबनं यावा तसा.

“गाव हाय. उजाड. भर दुपार. ऊन येवडं, की डोळा उगडत न्हाई…”

“बरं,” तन्मय म्हनला.

“…पन सावली कशालाच न्हाई. झाडाला न्हाई. घराला न्हाई. समरजितनं पायाकडं बघितलं.”

“मग?”

“त्याला बी न्हाई.”

हौसानं पदर अंगाभवती वडून घेतला. ती आठ गावचं दळन दळती, कुनाच्या बापाला भीत न्हाई. पन खेळात भिती, आनि त्याचं तिला काय वाटत बी न्हाई.

“गावाच्या मधी बारव हाय. पायऱ्यांची हीर. पायऱ्या खाली, खाली, खाली जात्यात. पानी दिसत न्हाई. वास येतोय.”

“कसला वास?”

“तू सांग.”

तन्मयनं नाक वर केलं. मग म्हनला, “…औषधांचा.”

बुवांनी मान हालवली, जनू त्यास्नी आधीच ठावं व्हतं.

“मला इथं उतरायचं नाही,” तन्मय घाईनं म्हनला. “समर बाहेर थांबतो. तोंडाशी. पहारा देतो.”

“थांबू दे.”

आता माझा सबाव तुमाला सांगून काय उपेग. कुनी भ्यालं की माझ्या हाताला खाज सुटती. माझ्या शेजारी पान्याची रिकामी घागर व्हती. म्या ती गुपचूप मांडीवर घेतली, तोंड आत घातलं आनि खोल आवाजात म्हनलं,

“येऽऽऽ रंऽऽऽ…”

तन्मय बसल्या जागी उडाला. ताकाचं भांडं कलंडलं.

“आजोबा!”

“मी न्हवं बाबा. बारव बोलली.”

“मसनात गेलं तुजं वागनं, गुंडूनाना!” हौसा वराडली. पन तिला बी हासू आलं. तन्मय बी कसनुसा हासला. सगळ्यांनाच जरा बरं वाटलं.

बुवा हासले न्हाईत. त्यांनी येक बोट वर केलं.

“आयका…”

आमी गप झालो.

“…येऽऽऽ…”

बारीक. लई खालनं.

हौसाचं हासनं तोंडातच ऱ्हायलं. तिनं माझ्याकडं बघितलं. तन्मयनं बघितलं. घागर माझ्या मांडीवर व्हती. माझं तोंड मिटलेलं व्हतं.

“मी न्हवं,” म्या म्हनलं.

आनि ह्या खेपंला बी कुनी इस्वास ठेवला न्हाई, तवा मला कळलं की खरं बोलायला लई एकटं वाटतं.

बुवांनीच काडला त्यो आवाज? त्यांचे ओठ म्या बघत नव्हतो. समाध्यांकडनं आला? तिकडं कोन असनार. आजून बी मला सांगता येत न्हाई.

“आता कोन उतरनार?” बुवांनी इचारलं.

मला तितं गप बसवना. भ्याला मानूस गप बसला की आजूनच भितो. म्या म्हनलं, “घुशा उतरतो. आनि जाता जाता समरजितला जीभ दावतो.”

“दावली.”

“पायऱ्या उतरतोय. शीळ घालतोय.”

“शीळ परत येत न्हाई.”

“…म्हंजी?”

“येवड्या खोल जागंत आवाज घुमतो. तुजा घुमत न्हाई. जातो, आनि कायतरी तो गिळतंय.”

मला घाम फुटला. पन हट सोडला तर मी गुंडूनाना कसला. “उतरतोय!”

“शेवटच्या पायरीवर शेवाळ हाय. फासा टाक.”

टाकला. फासा गरागरा फिरला आनि थांबला. दोन.

बुवांनी माझा चिंचोका गोनपाटावरनं सरकवत कडंला आनला.

“पाय घसरला. पानी गुडघ्यापत्तूर. पानी थंडगार… आनि पान्यात तुजा घोटा कुनीतरी धरलाय.”

“कुनी?”

“हात हाय. लहान.”

हौसा म्हनली, “काजळी उजेड पाडती! वरनं! लगीच!”

“टाक.”

तिनं टाकला. तीन.

“उजेड पडला… आनि विझला. विझताना तेवडं दिसलं, की बारवेला तळ न्हाई. काजळीचे डोळे दिपले, तिला आता कायबी दिसत न्हाई. पानी कंबरंपत्तूर.”

आता वरती समरजितच ऱ्हायला. निळ्या झग्याचा, येका डोळ्याचा, बारवेच्या तोंडाशी.

म्या म्हनलं, “ओ तलवारवाले. हात द्या की.”

तन्मय पुतळ्याकडं बघत व्हता. ओठ हालत व्हते. तो बेरीज करत व्हता.

“समरची ताकद अधिक पायरीची… उतरताना एक फासा, ओढताना एक… बुवा, पाण्यातल्याची ताकद किती?”

“हितं बेरीज न्हाई.”

“अंदाजे तरी सांगा.”

“न्हाई.”

“मग मी फासा टाकू कसा?”

“हातानं.”

त्यानं बटव्यातला फासा काडला. मूठ वळली. आमी वाट बघितली… वडावर येक कावळा येऊन बसला, त्यानं खाली बघितलं, आनि न वराडता उडून गेला.

“पानी छातीपत्तूर,” बुवा म्हनले.

घुशा म्हंजी काय, येक चिंचोका. तरी माझ्या छातीत गार वाटाय लागलं. म्या उगंच हात चोळले.

“मला नाही जमणार,” तन्मय म्हनला.

त्यानं समरजितला उचललं. कापसात गुंडाळलं. फासा बटव्यात, बटवा पिशवीत, पिशवी पाठीवर.

“माफ करा, आजोबा. तुमचा चोर नवीन करता येईल. पहिल्याच पायरीवरचा आहे. हा गेला तर… मला दुसरा नाही करता येणार.”

खरंच व्हतं ते.

बुवा म्हनले, “दार उगडंच हाय.”

तो उंबऱ्यापत्तूर गेला. भाईर ऊन. त्याची गाडी उनात तापलेली. त्यानं येक पाय भाईर टाकला, आनि तितंच थांबला. पाठमोरा.



“बुवा…”

“हं.”

“मी गेल्यावर… समर कुठं असेल?”

“कुटं ठेवलायस?”

“बारवेच्या तोंडाशी.”

“मग तितंच.”

“पिशवीत आहे तो माझ्या.”

बुवांनी धुनीतलं लाकूड जरा आत सारलं.

तन्मय वळला. त्याचा चेहरा म्या तवा बघितला. जत्रंत हरवलेलं पोरगं रडायच्या आधी जसं दिसतं, तसा.

“तो असाच कुठंतरी तोंडाशी उभा असतो,” तो म्हनला. “मी त्याला पुढं जाऊच देत नाही. दादा त्याला पळवायचा, भांडायला लावायचा. राजाच्या दरबारात एकदा शिंकला होता समर, आणि आम्हाला दोघांना तुरुंगात टाकलं होतं. दादाला हसून हसून ठसका लागला… आता तो बोलत पण नाही. मी नुसते उंदीर मारतो.”

“पाय कशानं लटपटत्यात?” बुवांनी इचारलं.

“त्याचे?”



तन्मय आत आला. गोनपाटापाशी गुडघ्यावर बसला.

“माझे,” तो म्हनला. “दादा समरचा आवाज काढायचा. जाडा, नाकातला. मला तो आता नीट आठवत नाही. मी एकटा असताना काढून बघतो, जमत नाही. मला भीती वाटते की समर मेला तर… तर मग तो आवाज होता की नव्हता, हे पण मला सांगता येणार नाही. कुणालाच विचारता येणार नाही.”

हौसानं डोळ्याला पदर लावला. तिनं नाक वडलं तेवढाच आवाज मठीत झाला.

बुवा म्हनले, “पायरी दिली.”

“…काय?”

“बारावी.”

तन्मयला कळंचना. “मी तर फासा पण टाकला नाही. काही केलंच नाही मी.”

“घरचा नियम हाय.”

“म्हणजे… आता हा मरत नाही?”

“न्हाई मरत.”

त्याच्या खांद्यावरचं वजं उतरलेलं आमाला दिसलं. त्यानं कापूस सोडला, समरजितला हातात घेतलं आनि हासला. पयल्यांदा नीट हासला. कॉलेजातलं पोरगं दिसाय लागलं.

बुवांनी हात म्होरं केला. तळवा वर.

तन्मय बघतच ऱ्हायला.

“काय?”

“दे.”

“हा?”

“बारावी चढलेलं सोंग चढवनाऱ्याच्या हातात ऱ्हात न्हाई. म्होरं ते दुसऱ्यानं खेळवायचं. नावाडी कुटं मास्तराच्या हातात हाय?”

हासू तितंच वाळलं. त्यानं मूठ छातीशी धरली.

“हे तुम्ही आधी सांगितलं नाही.”

“तू पायरी इचारलीस. मरान इचारलंस. ह्ये इचारलं न्हाईस.”

“मी दादाला शब्द दिलाय!”

“कसला?”

“मरू देणार नाही म्हणून…”

त्याचं त्यालाच आयकू आलं. मूठ तशीच छातीशी. बोटं पांढरी पडलेली.

“कुणाकडं जाणार हा?” त्यानं इचारलं. लई हळू.

“ज्याच्यावर तुजा कमीत कमी भरवसा, त्याच्याकडं.”

त्यानं नजर फिरवली. बुवांवरनं हौसावर. हौसावरनं माझ्यावर. तितंच थांबली.

हौसा म्हनली, “आगं आई… ह्याच्याकडं?”

“बुवा, थट्टा करू नका,” म्या म्हनलं. “माझ्या हातात कायबी टिकत न्हाई. सगळ्या गावाला ठावं हाय. मी ह्याला गाढवावर बशीवनार. मी ह्याला पानाच्या टपरीवर उधारी मागाय लावनार.”

तन्मय माझ्याकडं बघत व्हता. मला वाटलं आता हा उठून जानार. खरं सांगू, जावं आसंच मला वाटत व्हतं.

“दरबारात शिंकायला लावाल?” त्यानं इचारलं.

म्या मान हालवली.

त्यानं समरजित माझ्या हातावर ठेवला. सोडवंना त्याला. येकेक बोट सुटलं. पुतळा त्याच्या घामानं ओला झालेला, गरम. बोटायेवढं शिसं, पन माझा हात खाली गेला.

माझं आख्खं आविष्य खोड्या करन्यात गेलं. कुनाचा जोडा लपीव, कुनाच्या बैलाची घंटा काड. तवा पयल्यांदा माझ्या हाताची खाज मोडली.

“बुवा,” म्या म्हनलं, “ह्यो तर आता मरत न्हाई न्हवं? मग भ्यायचं कशाला? उतरवतो खाली आनि काडतो घुशाला भाईर. झालं.”

“मरायचा न्हाई.” बुवांचा आवाज परत बारीक झालेला. “पन हात पोचंल आसं कोन म्हनलं?”

मठीत आंधारल्यासारखं झालं. भाईर तर ऊन तसंच व्हतं.

“आनि घुशा?” हौसानं इचारलं. “घुशा कोन खेळनार आता? ह्याच्या हातात तर समरजित.”

बुवांनी गोनपाटाच्या कडंचा माझा चिंचोका उचलला. झटकला, जनू त्याला पानी लागलंय. आनि तन्मयच्या रिकाम्या हातावर ठेवला.

“आता तू.”

तन्मयनं चिंचोक्याकडं बघितलं. पयली पायरी. ना तलवार, ना झगा.

“पाणी कुठपर्यंत आलंय?”

“गळ्यापत्तूर.”

“आणि तो हात?”

“सोडला न्हाई आजून.”

तन्मयनं मान वर केली. मठीच्या छपराकडं न्हवं, त्याच्या लई वर कुटंतरी. बारवेच्या तळातनं तोंडाकडं बघावं तशी.

“समर… समर आहे वर?”

म्या समरजितला गोनपाटावर हुबा केला. पडू नये म्हनून बूड चेपलं. दोनदा.

“हाय,” म्या म्हनलं. माझा आवाज कसा निगाला काय की. जाडा आला. नाकातनं आला.

तन्मयनं डोळे मिटले. उगडले.

“बुवा, त्याला मी दिसतोय?”

“आंधार हाय.”

“मग त्याला कळणार कसं, मी इथं खाली आहे ते?”

बुवांनी माझ्या मांडीवरची घागर काडून घेतली. दोन्ही हातांनी धरली आनि तन्मयच्या म्होरं ठेवली, तोंड त्याच्याकडं करून.

“हाक मार.”